अंबडच्या प्रेसशॉपमध्ये दंड लावूनही सेफ्टी का रुजत नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतलं 120 माणसांचं प्रेसशॉप, म्हणजे प्रेस मशीनवर साच्यात पत्रा दाबून सुटे भाग बनवणारा कारखाना. तुम्ही एचआर-ॲडमिन सांभाळता आणि सहा महिन्यांपासून सेफ्टीही तुमच्याकडेच दिली आहे. बोर्ड लावले, सगळ्यांना गॉगल, शूज, ग्लोव्हज दिले, दर सोमवारी दहा मिनिटं प्रशिक्षण घेता, नियम मोडला तर 100 रुपये दंड. थोडक्यात टळलेले अपघात लिहून टाकायला पेटी ठेवली आहे, ती रिकामीच असते. आणि मागच्या महिन्यात एका हेल्परच्या तर्जनीचं पेर प्रेसमध्ये गेलं. मालक म्हणतात, "एवढं सगळं देऊनही पोरं ऐकत नाहीत, त्यांची मानसिकताच नाही." ही मानसिकता बदलायची कशी, असं तुम्ही विचारलं आहे.

सातपूर, अंबड आणि सिन्नर मिळून मी 24 वर्षं हे काम करतोय, त्यातली निम्मी प्रेसशॉपमध्ये गेली. माझ्या मते तुमच्याकडे मानसिकतेची अडचण नाही. धोका कुठे आहे ते तुमच्या ऑपरेटरांना चांगलं ठाऊक आहे, पण ते बोलून दाखवणं त्यांना महाग पडतं. सांगितलं की मशीन बंद होतं, टार्गेट हुकतं, सुपरवायझर बोलतो, इन्सेंटिव्ह जातो आणि वर दंडही बसू शकतो. गप्प राहिलं तर बहुतेक दिवस काहीच होत नाही. तुमची पेटी रिकामी आहे ती या हिशोबामुळे.

यावर सविस्तर लिहितो, पण त्याआधी दोन कामं उद्या सकाळीच करा.

पहिलं म्हणजे ग्लोव्हज. "सगळ्यांना" दिले असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे ड्रिलवाल्यांनाही दिले असणार. फिरत्या ड्रिलमध्ये ग्लोव्हजचा एक धागा अडकला की अख्खा हात ओढला जातो. शीट उचलणाऱ्याला, बर (कापल्यावर राहिलेली धारदार कड) असलेला जॉब, म्हणजे मशीनवरचा नग, हाताळणाऱ्याला ग्लोव्हज हवेतच. ड्रिल, लेथ अशा फिरत्या मशीनवर मात्र ते चालू कामात नकोत. उद्या पहिल्या शिफ्टला स्वतः उभं राहून ते काढायला लावा आणि कारणही सांगा.

दुसरं, प्रत्येक प्रेसचा क्लच (फिरत्या चाकाची ताकद रॅमला, म्हणजे वरून खाली येऊन दाबणाऱ्या भागाला, देणारा जोड) कोणता आहे ते मेंटेनन्सकडून लिहून घ्या. मालक म्हणतील, "सेन्सर लावून टाकू." एअर क्लचच्या, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या प्रेसवर लाइट कर्टन (हात आत गेला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा सेन्सर) उपयोगी आहे, कारण ती प्रेस मधेच थांबू शकते. की-क्लचची, म्हणजे आपल्याकडे जुन्या शॉपमध्ये सर्रास दिसणारी प्रेस एकदा सुटली की पूर्ण फेरा मारूनच थांबते. तिच्यावर सेन्सर बसवला तर दिवा लाल होईल, पण रॅम खाली येणारच. तिथे डायसमोर, म्हणजे साच्यासमोर, बंदिस्त गार्ड हवा, ज्यातून पट्टी आत जाईल पण बोट जाणार नाही. एअर क्लचवरही सेन्सर डायला चिकटून बसवून भागत नाही. अंतराच्या गणितात हाताचा वेग सेकंदाला 2 मीटर धरतात. प्रेसला थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात 40 सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणून सेन्सर किमान तेवढा लांब हवा, आणि त्यात थोडी भर घालायची ती वेगळी. विक्रेत्याला प्रेस थांबायचा वेळ मोजून दाखवायला सांगा. मोजत नसेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुरुवातीची तीन वर्षं मी तुम्ही करताय तेच करत होतो, आणि बऱ्यापैकी कडक होतो. सातपूरच्या एका कंपनीत होतो, नाव घेत नाही. तिथे एका प्रेसला दोन हातांची बटणं होती. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम सुटू नये, म्हणजे हात आपोआप डायबाहेर, अशी ती सोय. सुरगाण्याकडच्या एका ऑपरेटरने डावं बटण सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून कायमचं दाबून ठेवलं होतं. मी पाहिलं, फोटो काढला, मेमो दिला, तीन दिवस घरी बसवलं. चौथ्या दिवशी त्याच प्रेसवर दुसरा ऑपरेटर होता, आणि डाव्या बटणावर तीच ट्यूबची पट्टी.

तेव्हा पहिल्यांदा मी तिथे अर्धा तास नुसता उभा राहिलो, हातात घड्याळ घेऊन. पंच झालेला कप दर वेळी खालच्या डायमध्ये अडकत होता. तो चिमट्याने काढायचा, नवा ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) ठेवायचा, चिमटा बाजूला ठेवायचा, मग दोन्ही हात बटणांवर. एका नगाला साडेसात सेकंद. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवण आणि दोन चहा वजा केले की 430 मिनिटं उरतात, म्हणजे 3,440 नग. टार्गेट होतं 4,300, म्हणजे नगाला सहा सेकंद. ते टार्गेट ठरवताना प्रेसला पेडल होतं, बटणं नंतर बसवली. बटणं बसवली, पण आकडा कोणी बदलला नाही. नियम पाळणाऱ्या माणसाला 4,300 गाठणं शक्यच नव्हतं. मी ज्याला घरी बसवलं त्याने कंपनीच्या दोन आदेशांपैकी ज्यावर पगार ठरतो तो पाळला होता.

टूलरूमच्या दोन फिटरांनी खालच्या डायमध्ये स्प्रिंग इजेक्टर बसवला आणि मागून हवेचा झोत दिला. कप आपोआप उडून मागच्या घसरणीवरून ट्रेमध्ये पडायला लागला. दोन्ही हात बटणांवर ठेवूनही नग साडेपाच सेकंदात निघू लागला, टार्गेटच्याही वर. ट्यूबची पट्टी कोणाला काढायला सांगावी लागली नाही. बटणांना नवा रिलेही लावला. एक बटण दाबून ठेवलं तर पुढचा स्ट्रोकच निघत नाही, असा तो असतो. पण खरा फरक इजेक्टरने पडला. त्या ऑपरेटरची मी लाइनवर सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्याचे तीन दिवसांचे पैसे मिळवून दिले. तो काही बोलला नाही. पण दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या प्रेसवाला येऊन म्हणाला, "साहेब, माझ्यापण मशीनवर उभं राहा ना थोडा वेळ."

म्हणून प्रशिक्षण वाढवायच्या आधी घड्याळ घेऊन उभं राहा, असं मी सांगेन. तुमच्याकडे जे गार्ड काढलेले दिसतील, जी बटणं बांधलेली दिसतील, त्या प्रत्येकापाशी विचारा, "हे लावलं तर काम कुठे अडतं?" प्रश्न नेमका असाच विचारा. "का काढलं?" म्हटलं की समोरच्याला चौकशीच वाटते. एका ठिकाणी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी पूजेसाठी साफसफाई चालली होती. डायच्या रॅकमागे गंजलेले 11 गार्ड सापडले. प्रत्येक गार्डवर कोणीतरी खडूने मशीनचा नंबर लिहून ठेवलेला. फेकून दिले नव्हते, जपून ठेवले होते. विचारल्यावर कळलं की त्यातल्या आठांमुळे जॉब दिसतच नव्हता, कारण ते पूर्ण पत्र्याचे होते. जाळीचे आणि पॉलिकार्बोनेटचे गार्ड केले, ते राहिले.

हे सगळं तुमच्या परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, तेही सांगतो. तुमच्याकडे प्लेटिंग, पेंट बूथ किंवा भट्टी असेल तर आधी त्या जागेचा विचार करावा लागेल. तिथे विषारी वायू किंवा आग हा प्रश्न असतो आणि "हळूहळू विश्वास बसेल" म्हणून थांबता येत नाही. कंत्राटी माणसं निम्म्याहून जास्त असतील तर ठेकेदाराशी वेगळं बसावं लागेल. आणि धोका दिसला तर मशीन थांबवायचा अधिकार तुम्हाला आहे की नाही, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. नसेल तर तो मालकांकडून लेखी घ्या. त्याशिवाय सेफ्टीची जबाबदारी घेणं तुमच्यावरच अन्याय आहे.

दंडाबद्दल मी स्पष्टच सांगतो, तो बंद करा. एक तर तुम्ही लावताय तसा तो कायद्यात बसतो का, हे तपासायला हवं. मजुरीतून दंड कापायचा तर कोणत्या चुकांना तो आहे याची आधी मंजूर झालेली आणि लावलेली यादी लागते, माणसाला त्याचं म्हणणं मांडू द्यावं लागतं, त्या वेतनकाळातल्या पगाराच्या 3 टक्क्यांपेक्षा जास्त कापता येत नाही आणि जमा झालेला पैसा कामगारांच्याच हितासाठी खर्च करावा लागतो. पण कायदा बाजूला ठेवला तरी, दंडाने लोक गॉगल घालायला शिकत नाहीत. तुम्ही येताना दिसलात की गॉगल घालायला शिकतात.

पेटीही काढून टाका. कुलूप लावलेल्या पेटीत चिठ्ठी टाकली की तिचं काय झालं ते कळत नाही. तिच्या जागी प्रत्येक लाइनला दोरीने बांधलेली एक साधी वही ठेवा. रकाने पाच: तारीख, काय अडचण, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. लिहिणाऱ्याचं नाव सक्तीचं नको. मराठी, हिंदी, अहिराणी, जे येईल ते चालेल. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी सुपरवायझरने लिहायचं, आणि शिफ्ट संपायच्या आत वाचून दाखवायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे 48 तासांत उत्तर. काम होणार नसेल तर "होणार नाही, कारण हे" असं सही करून लिहायचं.

पहिल्या नोंदी फालतू वाटतील. सिन्नरच्या एका प्रेसशॉपमध्ये वहीतली पहिली नोंद होती, "पाण्याचा कूलर गळतो, पाय घसरतो." मालक म्हणाले, याला काय सेफ्टी म्हणायचं? मी म्हटलं, तो तुम्हाला तपासून पाहतोय, आजच दुरुस्त करा. संध्याकाळपर्यंत प्लंबर येऊन गेला. मग पंख्याची नोंद आली, मग तेलाच्या सांडण्याची. सहाव्या आठवड्यात, नाइटच्या कोणीतरी पेन्सिलीने लिहिलं, "4 नंबर कधी कधी दुसरा स्ट्रोक मारते."

ज्यांनी प्रेसवर काम केलंय त्यांच्या अंगावर या वाक्याने काटा येईल. पेडल एकदा दाबलं, रॅम एकदा खाली येऊन वर गेला, माणसाने जॉब काढायला हात घातला, आणि कोणी काही न दाबता रॅम पुन्हा खाली आला, असा त्याचा अर्थ. ऑपरेटर दोन महिने हे जाणून होते. ते आपापसात "4 नंबरवर हात घालू नको" असं सांगत होते आणि नवीन येणाऱ्याला ते कोणी सांगेल का, हे नशिबावर होतं. नोंद वाचली तेव्हा तारीख होती 30, महिन्याची शेवटची डिस्पॅच, आणि त्याच प्रेसचा माल गाडीत चढायचा होता.

मी मालकांना फोन केला. ते आले, वही हातात घेऊन वाचली. प्रॉडक्शन मॅनेजर म्हणत होता, दोन तास चालवू, ऑपरेटरला चिमटा देऊ, उद्या उघडू. मालकांनी मेन स्विच बंद केला, त्याला स्वतःच्या हाताने कुलूप घातलं आणि चावी खिशात टाकली. क्लच उघडल्यावर की झिजलेली सापडली, ब्रेकचं लाइनिंगही संपत आलेलं. दीड दिवस प्रेस बंद होती. माल चुकला, कस्टमरची बोलणी बसली. पण ते कुलूप लागताना लाइनवरच्या तीसेक माणसांनी पाहिलं होतं. त्या महिन्यात वहीत जेवढ्या नोंदी आल्या तेवढ्या आधीच्या दीड महिन्यात मिळून आल्या नव्हत्या. त्यात दोन प्रेसच्या पेडलवरचं झाकण तुटल्याची होती, आणि एक क्रेनच्या हुकची कडी लागत नसल्याची.

सेफ्टीची संस्कृती म्हणून जे म्हणतात ते मला त्या दिवशी दिसलं. तुमच्याकडेही असा दिवस येईल, आणि तो तुमच्या सोयीने येणार नाही. म्हणून मालकांशी आत्ताच बोलून ठेवा: वहीत अशी नोंद आली आणि गाडी दारात उभी असली, तर काय करायचं? त्यांचं उत्तर "बघू" असेल तर वही सुरू करू नका. आधी ते उत्तर पक्कं करा.

सुपरवायझरांकडे वेगळं लक्ष द्या. मालकांचं बोलणं माणसांपर्यंत त्यांच्या तोंडून पोचतं. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांना पहिला प्रश्न काय विचारला जातो ते बघा. बहुतेक ठिकाणी तो "काल किती निघाले?" असतो. तो विचारायला हरकत नाही, धंदा आहे. पण त्याआधी "काल वहीत काय आलं आणि त्यातलं काय झालं?" हे विचारायला लावा, आणि विचारणारे मालक किंवा प्लांट हेड असू देत, तुम्ही नको. सुपरवायझरला मशीन थांबवल्याबद्दल उत्पादनाचा जाब द्यावा लागणार असेल तर तो थांबवणार नाही. थांबलेला वेळ हिशोबात वेगळा धरा, त्याच्या नावावर टाकू नका.

गेटवर "अपघाताविना इतके दिवस" असा बोर्ड असेल तर तोही उतरवा. विशेषतः त्या आकड्यावर बक्षीस असेल तर. शंभर दिवस झाले की सगळ्यांना मिठाई, असं असेल तर 97 व्या दिवशी बोट कापलेला माणूस रुमाल गुंडाळून काम करतो, कारण त्याच्यामुळे बाकीच्यांची मिठाई जाईल. खरं काय चाललंय ते कळायचं असेल तर प्रथमोपचाराची पेटी उघडा. महिन्याच्या सुरुवातीला पट्ट्या मोजा, शेवटी मोजा, आणि रजिस्टरमधल्या नोंदींशी ताडून पाहा. माझ्या पहिल्या मोजणीत रजिस्टरमध्ये दोन जखमा होत्या आणि पेटीतून 46 पट्ट्या गेल्या होत्या. कोणाला जाब विचारू नका. फक्त पट्टी कुठल्या लाइनला जास्त लागते ते बघा आणि तिथे जाऊन उभं राहा.

ठेकेदाराच्या माणसांबद्दल एक नाशिकचीच गोष्ट. जुलैत भाताच्या आवणीला पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडची मुलं गावाला जातात. द्राक्षांच्या हंगामातही खाडे वाढतात. त्या जागी ठेकेदार नवी माणसं आणून उभी करतो आणि माल तर तेवढाच काढायचा असतो. माझ्या वह्यांमध्ये हाताच्या जखमा या आठवड्यांतच वाढलेल्या दिसतात. पहिले पंधरा दिवस नव्या माणसाला प्रेसवर एकटं ठेवायचं नाही, त्याच्या हेल्मेटला वेगळ्या रंगाची पट्टी लावायची, आणि त्याला शिकवणाऱ्या जुन्या ऑपरेटरचं टार्गेट तेवढ्या दिवसांपुरतं कमी करायचं. शेवटची अट सगळे विसरतात, आणि मग शिकवणारा शिकवत नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: ग्लोव्हज आणि क्लच उद्याच, दंड आणि पेटी बंद, प्रत्येक अडचणीपाशी घड्याळ, वहीला 48 तासांत उत्तर, आणि मशीन थांबवण्याबद्दल मालकांचा शब्द आधी.

मालक ऐकणारच नसतील तर? हेही होतं. कारखाने अधिनियम 1948 पासून यंत्राच्या धोकादायक भागाला आवरण घालायची जबाबदारी कायद्याने कारखानदारावर टाकली आहे. ती "पोरं ऐकत नाहीत" म्हणून टळत नाही. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत तर कामगाराला समोर दिसणारा गंभीर धोका मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवायचा हक्क दिला आहे. तुम्ही धाक घालू नका. धोका, तारीख आणि उपाय लिहून मालकांना द्या, पोच घ्या. बहुतेक मालक लेखी कागद आला की वेगळ्या नजरेने बघतात. मी दोन ठिकाणी नोकरी सोडली आहे, तिथे ते झालं नाही. तो निर्णय ज्याचा त्याचा, घरची परिस्थिती पाहून.

आता त्या हेल्परबद्दल. अपघात ईएसआयला (कर्मचारी राज्य विमा योजनेला) कळवला की खासगी दवाखान्यात टाके घालून मिटवला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. कळवला नसेल तर आजच त्या कामाला लागा. कामावर न येता आल्याच्या दिवसांचे सरासरी मजुरीच्या 90 टक्के पैसे आणि पेर गेल्याने कमाईची क्षमता जितकी घटली असं ठरेल त्या प्रमाणात कायमचा लाभ, हे दोन्ही त्या नोंदीवर अवलंबून आहे. आत्ता मिटवलं तर त्याचं आयुष्यभराचं नुकसान होईल आणि लाइनवरच्या प्रत्येकाला कंपनीकडून काय अपेक्षा ठेवायची ते कळेल.

तो कामावर परतेल तेव्हा त्याला सोमवारच्या प्रशिक्षणात "माझं काय चुकलं" सांगायला उभं करू नका. मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात अशी दोन पोरं माइकसमोर खाली मान घालून उभी केलेली मी पाहिली आहेत. त्या प्रेसला गार्ड बसेपर्यंत त्याला त्या जागी पाठवू नका, दुसऱ्या कोणालाही नाही. चहाच्या सुट्टीत, ऑफिसमध्ये न बोलावता, लाइनवरच त्याच्या शेजारी जाऊन बसा. त्या दिवशी जॉब कसा येत होता, हात आत का घालावा लागला, आधी कोणाला सांगितलं होतं का, एवढंच विचारा आणि ऐका. तो जे सांगेल ते तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि "कोण करणार" च्या रकान्यात मालकांची सही घ्या.